परत बोल

मुनाला मेसेज पाठवला की उत्तर येत नाही, फोटो येतो. कधी कॉफीच्या कपाचा, कधी खिडकीतल्या मांजराचा, एकदा तर नुसत्या वायरींच्या गुंत्याचा. मी विचारते, "कविता झाली का?" तिकडून कप येतो. मी पुन्हा विचारते, "लिहून तरी काढलीस का?" मांजर येतं. समोर बसून डोक्याला ताप देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. समुद्रापलीकडून ताप देणारी ही एकटीच.

मुना लेबननची. कवयित्री. बैरूतला तिची दोन पुस्तकं निघालेली आहेत, पातळशी, काळ्या-पांढऱ्या कव्हरची. ती उजवीकडून उघडतात, म्हणून माझ्या हातात कायम उलटीच यायची. अशी बाई पनवेलजवळ विचुंब्यात, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये, काही वर्षं राहून गेली आणि सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ती जितूची "फॉरेनची बायको" यापलीकडे कधी कळली नाही. जितू मोरा बंदरावरच्या कोळ्यांचा मुलगा. कुवेतला एका शाळेत एसी बघायचा. मुना त्याच शाळेत अरबी शिकवायची. लग्न कसं जमलं हे विचारलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. मग तिकडचं कंत्राट संपलं, जितूचे वडील गेले, आणि आईला मोऱ्याहून आणून तिघांनी इथे बिऱ्हाड थाटलं.

जितूच्या आईला सगळे आये म्हणतात, मीही. आयेला ऐकायला कमी येतं. मुलाने कानाचं चांगलं मशीन आणून दिलंय, पण ती ते मसाल्याच्या डब्याशेजारी स्टीलच्या डबीत जपून ठेवते आणि लग्नाला नाहीतर डॉक्टरकडे जाताना लावते. एरवी तिच्याशी बोलायचं म्हणजे घसा फोडायचा. घरात दिवसभर जितू नाही, बोलायला दुसरं कोणी नाही, आणि मुनाला मराठी शिकायची होती. तेव्हा ती जी मराठी शिकली ती मोऱ्याच्या कोळीवाड्याची, आणि तीही मोठ्या आवाजातली.

आमची पहिली भेट लिफ्टसमोर झाली. मी ऑफिसमधून आले होते, बंदरावरच्या कस्टमच्या कामाचं ऑफिस म्हणजे माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. बघते तर एक उंच, थोराड बाई, अर्धे केस पांढरे, अंगात नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट, हातात बोंबलांची पिशवी. मी इंग्रजीत विचारलं की लिफ्ट बंद आहे का. तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "मेली ती. चल पायानी."

तिला इंग्रजी येत होतं, फ्रेंच तर फारच छान येत होतं. पण पनवेलमध्ये ती इंग्रजीत बोलायची नाही. लोक मुद्दाम तिच्याशी इंग्रजी झाडायला यायचे आणि ती "काय बोलतंस? आमाला नाय समजत" म्हणून त्यांना घालवून द्यायची. मला याचा राग यायचा. माझी तिच्याशी धड ओळख व्हायला जे वर्ष गेलं ते तिच्या या हट्टामुळे. अवघड गोष्ट असली की ती हातवारे करायची, चित्र काढायची, जितूला फोन लावायची, पण इंग्रजीत सांगायची नाही. म्हणायची, "इंग्लिशमदी मी चांगली बाई. मला इथं चांगली बाई नाय व्हायचं."

ती कवयित्री आहे हे मला गच्चीवर कळलं. आये गच्चीवर सुकट वाळत घालायची आणि त्यावरून सोसायटीत कायम भांडण. मी कमिटीवर, त्यामुळे वासाची तक्रार घेऊन जायचं काम माझं. वर गेले तर मुना पसरलेल्या जवळ्यावर हात फिरवत काहीतरी म्हणत होती. गाणं नव्हे, नुसतं बोलणंही नव्हे. एक ओळ म्हणायची, थांबायची, मान वळवून रिकाम्या गच्चीकडे पाहायची, आणि पुढे न जाता तिथेच गप्प व्हायची. मी तक्रार विसरले. हे काय चाललंय म्हणून विचारलं.

तेव्हा तिने मला तिची पद्धत सांगितली. तिचं गाव लेबननच्या दक्षिणेला, तंबाखूच्या शेतांचं. हिरवी पानं खुडून आणायची आणि लांब चपट्या सुईने दोऱ्यात ओवून टांगायची, हे काम बायकांचं. ओवता ओवता बायका बोलायच्या आणि जिच्या बोलण्यात काही गंमत असेल तिला बाकीच्या म्हणायच्या, परत बोल. तिकडे कवितेच्या बैठकांतसुद्धा तेच. ओळ आवडली की ऐकणारा टाळी वाजवत नाही, वा वा करत नाही. तो म्हणतो, परत. मग कवी तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि तेव्हा कुठे पुढे जातो. त्यासाठीचा तिकडचा शब्द तिने मला कितीदा शिकवला. त्यातलं एक अक्षर घशाच्या इतक्या खालून काढायचं असतं की मला दर वेळी ठसका लागायचा, आणि ती मान हलवून "जाऊ दे" म्हणायची.

हे सगळं ठीक. पण मुनाने याचा कायदाच करून टाकला होता. तिची पहिली ऐकणारी तिची आई. बैरूतला असताना, कुवेतला असताना, ती फोनवर आईला ओळ म्हणून दाखवायची. आई परत म्हण म्हणाली तर ओळ जगली, मग ती कागदावर उतरायची. नाही म्हणाली तर मेली. दोन्ही पुस्तकं अशीच झालेली. ज्या ओळीला कोणी परत बोल म्हटलं नाही ती मुनाने आयुष्यात कधी लिहून काढलेली नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता आय बोलते, नंतर. तिकडं लढाई हाय, बिजली नाय, मावशीकडं जाऊन राहिली हाय ती. बोलते, मुना, मला कविता नको, तू जेवलीस काय ते सांग."

म्हणजे पनवेलला आल्यापासून तिने एक ओळ लिहिलेली नव्हती. डोक्यात मात्र एक लांबच लांब कविता चाललेली, तिच्या आईच्या घराची. ओटा, चूल, दाराशेजारची भिंत. संध्याकाळी काम संपलं की तिची आई सुई दोऱ्यासकट त्या भिंतीच्या गिलाव्यात खोचून ठेवायची, हरवू नये म्हणून. भिंतीला त्या जागी भोकांची चाळण झाली होती. हे सांगताना मुना गच्चीच्या कठड्यावर बोट टोचून दाखवत होती. गाव सीमेजवळ, बातम्या रोज वाईट. घर केव्हा जाईल सांगता येत नव्हतं, आणि तिला ते जायच्या आत कवितेत आणायचं होतं.

मी म्हटलं, अगं मग लिहून काढ. कायदा गेला खड्ड्यात. तर म्हणाली, "लिहिली त गप बसते. मग कोन विचारनार तिला?" मी म्हटलं, फोनवर रेकॉर्ड कर. म्हणाली, "फोन ऐकतो. फोन परत बोल नाय बोलत." मी म्हटलं, मी म्हणते ना, परत बोल. तिने हसून माझ्या गालाला मासळीचा हात लावला. "तू माझी दोस्त. तू प्रेमानी बोलशील. चालत नाय." मी म्हटलं, मग आये आहेच की. आये तर दिवसभर परत बोल, परत बोलच म्हणत असते. त्यावर मुना खरोखर चिडली. "तिला ऐकू येत नाय म्हनून बोलते. चीटिंग हाय ती."

या बाईला काय करावं ते मला कळेना. आपल्याकडे माणसं एक ओळ सुचली की दहा ग्रुपवर टाकतात. आणि हिच्या पोटात आख्खं घर, तर ही परवानगीची वाट बघत बसलेली. पण ज्यांना ही गोष्ट नुसती हट्टाची वाटते त्यांनी तिला गच्चीवर थांबलेलं पाहिलेलं नाही. ओळ म्हणून झाल्यावर ती ज्या नजरेने वळून बघायची त्या नजरेने माझी झोप उडवली होती. म्हणून मी ठरवलं, हिला ऐकणारी माणसं मिळवून द्यायची. पनवेलमध्ये कवितेची माणसं काय कमी आहेत?

आमचं एक साहित्य मंडळ आहे. वर्गणी भरणारे पुष्कळ, येणारे तेच ते. लेले सर अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, अतिशय सज्जन माणूस, आणि सज्जन माणसावर चिडायचीही सोय नसते. मी त्यांना सांगितलं की लेबननची एक कवयित्री आमच्या शेजारी राहते. सर खुर्चीतून उठलेच. वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला.

मग भाषांतर. अरबीत उतरवायचं नाही, मराठीत चालेल, एवढी सूट मुनाने दिली, तीही सुरुवातीच्या थोड्या ओळींपुरती. मुना तिच्या बाजारी मराठीत अर्थ सांगायची, मी तो शुद्ध करून लिहायची, आणि वाचून दाखवला की ती नाक मुरडायची. "ही मी नाय. ही टीव्हीवर बातमी देते ती बाई." मी पुन्हा लिहायची. त्यात लेले सरांनी कागद मागून घेतले आणि तंबाखूवर खूण केली. म्हणाले, "शाळेतली मुलंही येणार आहेत, तंबाखू नको. पर्णमाला म्हणू या का?" मी म्हटलं, सर, तिच्या आईची बोटं तंबाखूने काळी पडायची, पर्णमालेने नाही. सर म्हणाले, "भावना पोचली म्हणजे झालं." त्या पर्णमालेवरून माझं आणि सरांचं आठवडाभर चाललं होतं. शेवटी तंबाखू राहिला, पण फळ्यावर कार्यक्रमाचं नाव आलं, 'युद्धाच्या ज्वाळांतून'. मुनाने ते जितूकडून समजून घेतलं आणि विचारलं, "आगीचं काय हाय यात? मी त घराचं बोलनार."

तिला न सांगता मी एक गोष्ट करून ठेवली होती. सरांना बाजूला घेऊन नीट समजावलं की ती एक ओळ म्हणेल आणि थांबेल. ती थांबली की ओळ आवडली असेल तर कोणीतरी "पुन्हा" म्हणायचं. त्यांच्याकडे तशी रीत आहे. सर म्हणाले, "वा, किती सुंदर रीत." मान डोलावली. मी निर्धास्त झाले. मान डोलावणं आणि लक्षात ठेवणं यांचा काही संबंध नसतो हे इतकी वर्षं ऑफिसमध्ये काढून मला कळायला हवं होतं.

मुना त्या दिवशी साडी नेसली होती, आयेची, आणि ती आयेनेच नेसवली होती. सरांनी ओळख करून दिली. ज्वाळा, रक्त, वेदना, मायभूमी, काहीही शिल्लक ठेवलं नाही. मग मुना उभी राहिली. पहिली ओळ अरबीत म्हणाली, मी माझ्या कागदावरून मराठीत म्हटली. माझी आई दिवस मावळताना सुई भिंतीत खोचते. आणि मुना थांबली.

हॉल शांत. पंखे फिरताहेत. मुना मान वळवून लोकांकडे बघतेय, अगदी गच्चीवर बघायची तशी. मी सरांकडे बघतेय. सरांचे डोळे भरलेले. कोणी काही बोलेना. मुना थांबूनच. तिच्याकडे धीर दांडगा, तिला वाटलं इथली माणसं सावकाश विचार करत असतील. आणि मग लेले सर हळूच उठून उभे राहिले, मान खाली घातली, हात समोर जोडले. त्यांना बघून पहिली रांग उठली. मग सगळा हॉल उठला, मुलंसुद्धा, आणि सगळे मान खाली घालून निश्चल उभे राहिले.

ती श्रद्धांजली होती. बाई भावनेने दाटून आली, युद्धातल्या मृतांच्या आठवणीने तिला पुढचं बोलवेना, असा त्यांचा समज. आपल्या माणसांना सभेत शांतता पसरली की दुसरं काही सुचतच नाही. मी कागद धरून बाजूला उभी, आणि त्या शांततेत "बसा" म्हणायची माझी काय बिशाद. श्रद्धांजलीच्या मध्ये कोण बोलतं? शेवटी सर "ओम शांती" म्हणाले, सगळे बसले, आणि कार्यक्रम संपला अशा समजुतीने शाल आणि नारळ पुढे आले. मुनाच्या खांद्यावर शाल पडली. ती माझ्याकडे बघत राहिली.

रिक्षात बसल्यावर तिने नारळ मांडीवर घेतला आणि विचारलं, "कोन मेलं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "माझी आय जिती हाय. मी सांगत व्हती, ती सुय खोचते. जिती बाई खोचते ना सुय? आनि ते सगळे उभे राहिले." घर येईपर्यंत ती नारळाची शेंडी उपटत राहिली. दुसऱ्या दिवशी नारळाची चटणी मात्र माझ्याकडे आली.

मी हार मानणारी नव्हते. ऑफिसमधली नसरीन म्हणाली, आमच्याकडे आण. तिचे मामू जुन्या पनवेलात मुशायरा भरवतात. माझ्या तर डोक्यात उजेडच पडला. मुशायऱ्यात शेर आवडला की लोक "मुकर्रर" म्हणतात, म्हणजे परत म्हणा. म्हणजे मुनाची रीत जशीच्या तशी. मी हे आधी का केलं नाही म्हणून स्वतःवरच चडफडले.

मुनाने या वेळी घराची कविता नेली नाही. "ती नाय. पयलं बघू कोन हायत." तिने जुन्या पुस्तकातली एक निवडली, जनरेटरवाल्याला पत्र. बैरूतला सरकारी वीज कायम जाते, मग गल्लीतला एक माणूस जनरेटरवरून घरोघर वायर टाकून वीज विकतो. त्याला लिहिलेलं ते पत्र. तुझ्या वायरीने माझा आकाशाचा तुकडा कापला, तुझं बिल माझ्या प्रियकरापेक्षा नेमाने येतं, एक दिवस मी कात्री घेऊन वर चढेन. मला ती फार आवडायची. आमच्याकडचा टँकरवाला डोळ्यांसमोर यायचा.

मुशायरा रंगात आला होता. उर्दू शायरांना मुकर्रर, मुकर्रर चाललेलं. मुनाचे डोळे चमकायला लागले, ती माझ्या गुडघ्यावर थापट्या मारत होती. मग मामूंनी तिचं नाव घेतलं. अरबी सुरू झाली आणि बैठक बदलली. टोप्या सरळ झाल्या. बायकांनी पदर, ओढण्या डोक्यावर घेतल्या. दोघांनी मोबाईल बंद केले. मुना जनरेटरवाल्याला शिव्या घालतेय आणि समोरची पांढऱ्या दाढीची माणसं डोळे मिटून "सुभानअल्लाह" म्हणताहेत. ती थांबली. मुकर्रर कोणी म्हणेना. प्रार्थना परत करा असं कोण सांगणार? शेवटची कात्रीची ओळ झाली तेव्हा कित्येकांनी हात चेहऱ्यावरून फिरवले आणि "आमीन" म्हटलं. मागे एक जण सौदीहून परत आलेला होता. त्याला सगळं कळत होतं, तो तोंडावर रुमाल धरून हसत होता. पण वडीलधाऱ्यांसमोर तो काय बोलणार?

निघताना एक वयस्कर गृहस्थ मुनाला म्हणाले, "बेटी, दुआओं में हमें भी याद रखना।" तिने छातीवर हात ठेवून मान लववली. बाहेर येऊन मला म्हणाली, "वृषाली, तिथं मी मयत. इथं मी मौलवी. कवी कुठं व्हायचं पनवेलमदी?"

 मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कोणावर काढावा हे समजत नव्हतं. दोन्हीकडची माणसं चांगली, दोन्हीकडे तिला मान मिळालेला. मानाने इतकं अडवता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर ती गच्चीवर म्हणेनाशी झाली. आये एकटीच जवळा पालटायची. मुना बाजार करायची, कोळणींशी भांडायची, लहानशा भांड्यात वेलची घालून काळी कॉफी करायची, मला हाक मारायची. कर्नाळ्याला आम्ही एकदा पक्षी बघायला गेलो तर ही सगळा वेळ पायाखाली बघत चालली, तिकडच्या रानातलं एक वासाचं झुडूप इथे उगवतं का म्हणून. नव्हतं. कुंडीत लावलेलं तर इथल्या दमट हवेत तीनदा मेलं होतं. मी कवितेचं विचारलं की म्हणायची, "हाय. बसली हाय आतमदी." आणि मी पुन्हा, लिहून काढ गं बाई. आणि ती पुन्हा, नाय. आमच्या कॉफीला त्या काळात भांडणाचीच चव असायची.

मग एका सकाळी मामेभावाने तिला फोटो पाठवला. मी बेल वाजवली तेव्हा ती फोन ओट्यावर उभा करून समोर बसली होती. फोटोत दगड, लोखंडी सळ्या आणि अर्धा उंबरठा. तिने मला बोट ठेवून दाखवलं, इथं चूल, इथं ओटा, इथं ती भिंत. मला सगळीकडे दगडच दिसत होते. आये मागे उभी होती. तिने फोटो पाहिला, पदराने फोनची काच पुसली आणि आत निघून गेली. काय झालंय हे आयेला सांगायची गरज पडली नाही.

मी त्या दिवशीही म्हटलं, आता तरी लिही. आज आठवलं की वाटतं, दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. पण माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. घर गेलं होतं आणि ते आता फक्त हिच्या डोक्यात होतं. ही बाई एका शब्दासाठी ते अडवून बसलेली. मुना नुसतं म्हणाली, "परत बोल बोलनारं कोन हाय?"

थोड्या दिवसांनी तिच्या आईचं हाड मोडल्याचा निरोप आला. मावशीकडे, अंथरुणावर. मुनाने जायचं ठरवलं. परत कधी, ते तिलाही माहीत नव्हतं. जितू तिला विमानतळावर सोडून येणार होता.

जायचा दिवस आला आणि नेमका टँकर आला. आमच्या गेटमध्ये टँकर आडवा लागला की मुंगीला बाहेर जाता येत नाही. जितूची गाडी सामान भरून आत अडकलेली. मी ड्रायव्हरशी भांडतेय, तो म्हणतोय पावतीवर सही केल्याशिवाय मी हलणार नाही, वॉचमन पेन शोधतोय. शेवटी मीच पर्समधून पेन काढलं. सही करताना माझं लक्ष मागे गेलं.

मुना आयेचा निरोप घेत होती. आयेने सुकटीचा पुडा तिच्या हातात कोंबला होता, घट्ट बांधून, वर आणखी एक पिशवी. मुनाने तिच्या खांद्यावर हात ठेवले आणि काहीतरी बोलली. ओरडून नाही. ती आयेशी एरवी ओरडूनच बोलायची, म्हणून मी कान टवकारले. आणि अरबीत नाही. आयेच्याच भाषेत.

"माझे आयची सुय भिंतीला खोचलेली हाय, दोऱ्यासकट. भिंत गेली. सुय हाय तिथंच."

मग ती थांबली. मान वळवली. सवयीने, दुसरं काय. तिला कोणाकडून काही अपेक्षा असेल असं वाटत नव्हतं. ती गाडीकडे वळलीसुद्धा.

आयेने तिचा दंड धरला. "परत बोल."

मुना थकून हसली. आवाज चढवून म्हणाली, "ऐकू नाय आलं, आये?"

"आयकलं," आये म्हणाली. "आयकलं म्हनून त सांगतंय. परत बोल."

तेव्हा मला दिसलं. आयेच्या कानात मशीन होतं. डबीतून काढून, लग्नाला लावते तसं, तिने ते सकाळीच लावलेलं असणार. मुनालाही तेव्हाच दिसलं.  टँकरवाला हॉर्न देत होता, मी त्याला "गप्प बस" म्हणून ओरडले, आणि तो खरंच गप्प बसला. मुनाने ओळ परत म्हटली, अगदी हळू. आयेने मान हलवली आणि तिला गाडीत ढकललं. "जा आता. विमान काय थांबनार हाय?"

टँकर हलला. गाडी गेटबाहेर पडली. मी रस्त्यावर आले तेव्हा ती नाक्याकडे चालली होती आणि मागच्या काचेतून मुना दिसत होती. ती वळून बघत नव्हती. पर्समध्ये डोकं खुपसून काहीतरी शोधत होती. पर्स मांडीवर उलटी केली. मग पुढे वाकून जितूच्या शर्टाचा खिसा चाचपला, मग डॅशबोर्ड, मग पुन्हा पर्स.

पावतीवर सही केलेलं पेन माझ्या हातात तसंच उघडं होतं. मी हात उंच करून ते हलवलं, जोरजोरात, धावत. जितूने आरशात पाहिलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा केला.